आईसाठी कातडी

केडगावजवळच्या एका कॉलेजात मी प्रयोगाच्या उंदरांची देखभाल करते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, मेलेले वेचायचे. आमच्या मॅडम म्हाताऱ्या उंदराच्या पाठीची कातडी काढून तरण्या उंदराला लावायच्या. तुकडा मुद्दाम उलटा बसवायच्या, म्हणजे त्यावरचे केस उलटे उगवतात आणि लावलेली कातडी कुठली ते लगेच कळतं. म्हातारा मरून जायचा, त्याची कातडी मात्र दुसऱ्याच्या पाठीवर जगायची. वर्षानुवर्षं हे बघून मला वाटायला लागलं, की आपल्यालाही यातलं कळतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

बेलापूरला घरी आईच्या पदराने गॅसवर पेट घेतला. पाठ आणि पोट भाजलं. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तिच्याच मांडीची कातडी काढून लावू, पण लवकर. सत्तरीची बाई, मांडीला कातडी ती कितीशी! मी मध्ये पडले, माझी घ्या म्हटलं. दुसऱ्याची कातडी टिकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर मी त्यांनाच शिकवायला गेले. आई आधीच सुरीला भ्यालेली. तिने माझा शब्द धरला आणि कागदावर अंगठा द्यायला साफ नकार दिला. चार दिवस तसेच गेले.

पाचव्या दिवशी मी मॅडमना फोन केला, डॉक्टरांना समजावा म्हणून.  त्या म्हणाल्या, आपले उंदीर पिढ्यानपिढ्या भावाबहिणींच्या जोड्या लावून वाढवलेले असतात, आतून सगळे एकसारखे, म्हणून एकाची कातडी दुसऱ्याला चालते. माणसांत तसं नसतं, आई-लेकीतही नाही. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, जखमांतलं विष अंगात भिनलंय, आता ऑपरेशन तिला झेपणार नाही. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आई तापाने फणफणली होती, पण शुद्धीवर होती.

"तुजी कवा काढनार हायेत?" तिने विचारलं.

"उद्या," मी म्हटलं.

तिने माझ्या हातावरून बोटं फिरवली.

"थोडीच काढा म्हनावं त्यास्नी," ती म्हणाली. "लई दुखतंय."