सुकवायच्या खोलीतला मुका बोर्ड

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की पिठाच्या गिरणीला चिकटून एक अरुंद गाळा लागतो. पाटीवर 'संगणक दुरुस्ती' एवढेच दोन शब्द. आत टेबलाशी मनस्वी बसलेली असते, केसांत पेन्सिल खोचलेली, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर आणखी एक भिंग. नवं गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडे बघतं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे आणि विचारतं, "भाऊ नायत काय?"

"भाऊ कंपनीत गेलेत, शिफ्टला," मनस्वी सांगते. "पण ते घरी बल्बसुद्धा मलाच बदलायला लावतात. तुमचं काय बिघडलंय ते दाखवा."

भाऊ म्हणजे तिचा नवरा विराज. हा विनोद तो स्वतःही चारचौघांत सांगतो.

मनस्वीचे वडील मोरोपंत शाळेत गणित शिकवायचे. मुलीनेही शिक्षिका व्हावं असं त्यांच्या मनात होतं. पण मुलीचा जीव घड्याळं, इस्त्र्या आणि रेडिओ यांच्या पोटात काय असतं ते बघण्यात. आजारी पडली की आई तिच्या उशाशी एखादी बंद पडलेली वस्तू आणून ठेवायची आणि म्हणायची, "औषधापेक्षा हिने ताप लवकर उतरतो." चाळिशीला आली तरी मनस्वीचं ते तसंच राहिलं. बिघाड मोठा असला की ती घाबरत नाही; तिच्या गालांवर लाली चढते आणि बोलण्याचा वेग वाढतो.

त्या बुधवारी सकाळी मात्र ती घाबरली होती. हमरापूरहून दिनेशचा फोन आला तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

"मनस्वीताई, तुमचा डबा गप झाला. लाइट गेली नि आली, तवापासून पंखे सुटलेत नुसते भन्नाट. लॅपटॉपवर काय बी दिसत नाय."

"मूर्ती?"

"चार-पाच मूर्तींना केसासारखे तडे गेलेत. मी पंख्यांचं बटण बंद केलंय. आणि आई..." दिनेशने आवाज खाली आणला, "आई म्हणते, सूर्य मावळायच्या आत डबा बोलला नाय, तर सगळ्या मूर्ती उचलून पडवीत न्यायच्या."

दिनेशचं कुटुंब हमरापूरला गणपती घडवतं. कारखाना त्याच्या नावावर असला तरी शब्द चालतो तो आईचा, सरूकाकूंचा. शाडूची मूर्ती साच्यातून निघाली की तिला हळूहळू, सगळीकडून सारखं सुकावं लागतं. वारा जास्त लागला की तडकते, कोंडली की आतून ओली राहते आणि रंग धरत नाही. आणि ओली मूर्ती उचलायची म्हणजे सोंड, बोटं, कान यांतलं काहीतरी गळून हातात येणार हे ठरलेलंच.

त्यासाठी गेल्या वर्षी मनस्वीने सुकवायच्या खोलीत एक डबा बसवला होता. डब्यात आगपेटीपेक्षा थोडा मोठा एक बोर्ड, म्हणजे एका पट्टीवर मावलेला पूर्ण संगणक. तो खोलीतला ओलावा मोजायचा आणि त्याप्रमाणे पंखे कमी-जास्त करायचा. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. एक यूएसबीची वायर भिंतीतल्या भोकातून रंगवायच्या खोलीतल्या लॅपटॉपला जोडलेली. त्या वायरीतूनच नेटवर्क चालायचं; लॅपटॉप त्या वाटेने बोर्डाशी बोलायचा आणि बोर्ड त्याच वाटेने इंटरनेटवरून स्वतःचे बदल उतरवून घ्यायचा. आत जायला तेवढं एकच दार.

आणि आदल्या दिवशी, मंगळवारी, त्या दारातून आत जाऊन मनस्वीने बोर्डाचं कर्नल बदललं होतं. सगळं नीट झालं असं पडद्यावर आलं, रोह्याच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून बोर्ड बंद करून पुन्हा चालू करून न बघताच ती निघाली. नवं कर्नल कामाला लागतं ते बोर्ड पुन्हा चालू झाल्यावर, आणि ते बुधवारी सकाळी लाइट जाऊन आल्यावर झालं.

पेणला गाडीतून उतरून रिक्षाने ती हमरापूरला पोचली, तेव्हा सुकवायच्या खोलीच्या दारात सरूकाकू पदर खोचून उभ्या होत्या. आत मंगळी, वाडीवरून कामाला येणारी, भिंतींवर ओली गोणपाटं टांगत होती, म्हणजे कोरडी झालेली हवा पुन्हा जरा ओलसर व्हावी.

"ये गो बाय," सरूकाकू म्हणाल्या. "काल काय खायला घातलंस त्याला?"

"काकू, कर्नल बदललं."

"कर्नल? मिलिटरीतला?"

"तसंच काहीतरी. बोर्डाचा मुख्य कारभारी. बाकी सगळे त्याच्या हुकमावर चालतात."

"मग जुना कारभारी काय मागत होता तुझ्याकडं? बरा चालला होता की."

नवं निघालं की घालून बघायचं हा मनस्वीचा जुना रोग, आणि ऐन हंगामात, मूर्ती ओल्या असताना तो तिने इथे उकरून काढला होता. तिने चपला काढल्या, रंगवायच्या खोलीतला लॅपटॉप उचलून आणला आणि सरळ डब्यापाशी मांडी घातली.

बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे मेलेला नाही. पिशवीतून तिने नवी वायर काढून लावली. लॅपटॉप गप्प. वायर लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातली. गप्पच. मग बोर्ड काढून त्याच वायरीला स्वतःचा फोन जोडला, तर लॅपटॉपने फोन लगेच ओळखला.

"वायर चांगली, लॅपटॉप चांगला!" ती ओरडली.

"मग आनंद कसला झालाय हिला?" सरूकाकूंनी दिनेशला विचारलं.

"दोन गुन्हेगार सुटले ना, काकू! आता उरला एकच."

मनस्वीचे गाल लाल व्हायला लागले होते. बोर्डाच्या कडेला नखाएवढं मेमरी कार्ड असतं. त्या बोर्डाला जे काही ठाऊक असतं ते सगळं त्या कार्डावर. दार बंद असलं म्हणून काय झालं, कौलं काढून आत उतरता येतं. तिने कार्ड उपसलं, कार्ड वाचायच्या खोक्यात घातलं आणि ते लॅपटॉपला जोडलं. कार्डावरचे दोन्ही कप्पे उघडले. धाकट्या कप्प्यात चालू होण्यापुरत्या फायली, थोरल्यात बाकीचा संसार.

आधी तिने यूएसबी नेटवर्कच्या दोन ओळी तपासल्या. दोन्ही जागच्या जागी, तिनेच लिहिलेल्या, एक अक्षर हललेलं नाही. मग बोर्डाने सकाळी स्वतःशी केलेली, कार्डावर नोंदलेली बडबड वाचायला घेतली. तिथे तीच तक्रार पुन्हा पुन्हा होती: यूएसबी नेटवर्कचा मॉड्यूल सापडला नाही. ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा मॉड्यूल सापडला नाही. मॉड्यूल म्हणजे कारभाऱ्याच्या हाताखालची माणसं. ओलाव्याचा आकडाच मिळेना, तेव्हा पंखे पुरे सुटले. आकडा मिळाला नाही तर पंखे पूर्ण वेगात चालवायचे हा नियमही मनस्वीनेच घातलेला.

पण मॉड्यूल तर होते! थोरल्या कप्प्यात तिला त्यांची सगळी पलटण दिसत होती, कालच आलेली, कोरी करकरीत. माणसं घरात आहेत आणि कारभारी म्हणतो घरात कुणी नाही. ती पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिली. बाहेर उन्हं उतरायला लागली. दिनेशने पडवी झाडून घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात अंगणातून सरूकाकूंचा आवाज चढला.

"मंगळे, डोळे कुठं ठेवलेस गो? पोट एकाचं नि पाठ दुसऱ्याची!"

मंगळी उद्याच्या कामाचे साचे जोडून ठेवत होती. साचा दोन भागांचा, पुढचं पोट आणि मागची पाठ. सरूकाकूंच्या कारखान्यात दोन्ही भागांच्या काठावर खिळ्याने एकच खूण कोरलेली असते, कुठे फुली, कुठे दोन रेघा, कुठे मासा.

"बसतंय की, काकू," मंगळी म्हणाली.

"बसतंय! बाहेरून बसतंय, आत कान जुळंल का? खूण बघ आधी, मग दोरी बांध. हा मासा, ही फुली. माशाला फुली लावतेस?"

मनस्वी बसल्या जागी ताठ झाली.

खूण! कर्नललाही खूण असते, आवृत्तीचा आकडा. आणि मॉड्यूलच्या पलटणीवरही तोच आकडा असावा लागतो. तिने धाकट्या कप्प्यातल्या कर्नलचा आकडा काढला. मग पलटणीचा. आकडे वेगळे. पलटण नवी आणि कारभारी जुनाच! नवी माणसं आत घेताना जुन्यांना निरोप दिला होता, आणि जुना कारभारी सकाळी उठून त्या निरोप दिलेल्यांनाच हाका मारत होता.

"मासा आणि फुली!" ती किंचाळली. "काकू, मासा आणि फुली!"

"झालं," सरूकाकू म्हणाल्या. "दिनेश, हिला पाणी दे."

"पाणी नको! मग नवा कारभारी गेला कुठे?" ती आता कोणाशीच बोलत नव्हती, बोटं कळफलकावर धावत होती. थोरल्या कप्प्यात धाकट्याच्या नावाचं एक फोल्डर होतं. तिने ते उघडलं. नवं कर्नल तिथे आरामात पडलेलं होतं, कुणाच्याही वाटेत नसलेल्या जागी.

मग तिला आठवलं आणि तिने कपाळावर हात मारला. गेल्या पावसाळ्यात लाइट सारखी जायची, तेव्हा एकदा धाकट्या कप्प्यातल्या फायली खराब झाल्या होत्या. सरूकाकू मूळ साचा कपाटात कुलूप लावून ठेवतात आणि रोजच्या कामाला त्याची नक्कल वापरतात, ते बघून मनस्वीनेही तो कप्पा रोजच्या कारभारातून बाजूला काढला होता, म्हणजे त्याला कुणाचा हात लागू नये. मंगळवारी बदल करताना तिचा स्वतःचाच हात त्याला लागला नाही. बोर्डाने त्या नावाचं रिकामं फोल्डर बघितलं, तोच कप्पा समजून नवं कर्नल त्यात ठेवलं आणि काम झालं म्हणून कळवलं.

"काकू, मी तुमच्यासारखं कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरले."

"माझी किल्ली माझ्या कमरेला असते," सरूकाकूंनी ती वाजवून दाखवली. "तू कुठं ठेवतेस, डोक्यात?"

मनस्वी हसली, पण थांबली नाही. जुनं कर्नल नाव बदलून बाजूला ठेवलं, नवं आणि त्याच्या जोडीच्या फायली धाकट्या कप्प्यात नेल्या. यापुढे तो कप्पा आपोआप उघडा राहील अशी व्यवस्था केली. दोन्ही आकडे पुन्हा एकदा मोठ्याने वाचले. मग कार्ड बोर्डात सरकवलं, वायर जोडली आणि वीज दिली.

हिरवा दिवा लागला. लुकलुकला. विझला.

मंगळी गोणपाट हातात धरून दारात उभी. दिवा पुन्हा लागला आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात नेटवर्कची खूण उमटली.

"आला!" दिनेश ओरडला.

मनस्वीने पान उघडलं. ओलावा, एकाहत्तर टक्के. आकडा जिवंत होता, डोळ्यांसमोर एकाहत्तरचा बहात्तर झाला. "पंख्यांचं बटण चालू कर, दिनेश!" पंखे फिरले, पण सकाळसारखे पिसाटासारखे नाहीत, झोपलेल्या मुलाला वारा घालावा तसे. मनस्वीने मंगळीला धरून एक गिरकी मारली, तेव्हा गोणपाटाचं पाणी दोघींच्या अंगावर उडालं.

सरूकाकू मात्र हसल्या नाहीत. त्या एकेका मूर्तीच्या पाठीला तळवा टेकवत खोलीभर फिरल्या. केसासारख्या तड्यांवर बोट फिरवलं, "ओल्या मातीनं भरतील हे," असं पुटपुटल्या. मग दारात येऊन म्हणाल्या, "आता चाललाय. कालपण चालला होता. परत लाइट गेली की?"

मनस्वीच्या तोंडचं हसू उतरलं. प्रश्न तिच्या वर्मावरच बसला होता. काल नेमकं एवढंच न बघता ती गाडी पकडायला पळाली होती.

"बघू या," ती म्हणाली. "तुम्हीच बंद करा, काकू."

"मी?"

"ताई, नको," दिनेश मध्येच म्हणाला. "आत्ता कुठं सुरू झालाय. नाय उठला तर?"

"नाही उठला तर मूर्ती पडवीत. मी स्वतः उचलायला लागेन. पण तो उठतो की नाही ते मी इथे असताना कळू दे."

सरूकाकूंनी पदराला हात पुसले, त्या भिंतीपाशी गेल्या आणि मुख्य बटण खाली केलं. पंखे कण्हत थांबले. खोलीत एवढी शांतता झाली की गोणपाटांतून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. सरूकाकूंनी मनातल्या मनात काही म्हटलं आणि बटण वर केलं.

पंखे आधी सकाळसारखेच पुऱ्या वेगाने सुटले. दिनेशने डोळे मिटून घेतले. मनस्वीने हाताची मूठ तोंडात धरली. दिवा लुकलुकला, विझला, लागला आणि पंख्यांचा आवाज उतरत उतरत मघासारखा मऊ झाला. लॅपटॉपवर आकडा उभा राहिला.

"मंगळे," सरूकाकू म्हणाल्या, "उतरव ती गोणपाटं. आणि दिनेश, पडवीत झाडू मारत उभा राहू नको, हिथल्या मूर्ती हिथंच राहतील." मग मनस्वीकडे वळून त्यांनी बोट उगारलं. "तुझा नवा कारभारी असो की जुना. आता विसर्जन होईपर्यंत त्याला हात लावशील तर बघ."

"नाही लावणार, काकू."

"नि गाडी पकडायची घाई करू नको. भात टाकलाय. जेवून जा."