न फुटलेलं मडकं

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष गेले, त्या दिवशी त्यांच्या घरच्यांनी माझं मडकं नेलं. न विचारता. हे मला आजही शांतपणे सांगता येत नाही, म्हणून तसा प्रयत्नही करत नाही.

मी मातीकाम करते. कुणी मला कलाकार म्हणतं, कुणी कुंभारीण, मला दोन्ही चालतं. पण त्या मडक्यात माझी दोन वर्षं होती. काही वर्षांपूर्वी कोरियात एका म्हाताऱ्या कुंभाराकडे महिनाभर शिकायला गेले होते. तो माणूस अंगणात जे उगवेल ते जाळायचा आणि त्या राखेची झिलई भांड्यांना लावायचा. त्याला ना माझी भाषा येत होती, ना मला त्याची. निघताना त्याने मूठभर राख माझ्या हातावर ठेवली, मग बोट माझ्याकडे केलं. म्हणजे आता तुझं तू शोध.

माझ्या अंगणात काय उगवतं? मी मोहने गावची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आम्ही चाळीत राहायचो, अंगण कुठलं आलंय. पण उल्हास नदी होती आणि नदीवर जलपर्णी होती, डोळ्यांना पाणी दिसू नये इतकी. मी ती पोत्यांनी आणली. कोलशेतच्या माझ्या गाळ्याच्या पत्र्यावर वाळत घातली. तिच्या वासाने शेजारचा वेल्डिंगवाला रोज माझा उद्धार करायचा. मग जाळली, राख धुतली, चाळली, लावली. भांड्यामागून भांडं वाया गेलं. कधी झिलई ओघळून भट्टीच्या फळीला चिकटायची, कधी बुरशी आल्यासारखे डाग पडायचे.

शेवटी एक मडकं जमलं. गुडघ्याएवढं, पोटात गोल, आणि रंग ओहोटीला कोलशेतच्या खाडीत उघड्या पडणाऱ्या चिखलाचा. लांबून पाहिलं तर बाजारातलं साधं मातीचं मडकं वाटावं. मला तेच हवं होतं आणि तेच मला भोवलं. ते त्या म्हाताऱ्याच्या गावातल्या प्रदर्शनाला जाणार होतं. त्याला दाखवायचं होतं की मी शोधलं.

आता अध्यक्षांबद्दल. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून फक्त घडलेलं सांगते. आम्ही राहायला आल्यावर माझी छोटी भट्टी बाल्कनीत होती. अध्यक्षांनी लिफ्टमध्ये नोटीस लावली, मग दुसरी, मग तिसरी, आणि भट्टी कोलशेतला गेली. रोजचे चार तास माझे प्रवासात जायला लागले. तेही एक वेळ सोडून देते. पण सही घ्यायला, वर्गणी मागायला ते आमच्या दारात यायचे तेव्हा माझी आई पाण्याचा ग्लास घेऊन यायची. तबकात, रुमालाने पुसून. ते म्हणायचे, "आत्ताच घेतलं." बारा वर्षं त्यांनी ते आत्ताच घेतलेलं होतं. आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर आहे, दारातून दिसते. शेजारच्या दारात मात्र ते उभ्या उभ्या चहा प्यायचे.

त्या दिवशी मी गाळ्यावर होते, आई दवाखान्यात. मडकं दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवलं होतं, कारण दुपारी खोकेवाला माप घ्यायला येणार होता. संध्याकाळी येऊन बघते तर जागा रिकामी. वॉचमन म्हणाला, "ताई, अध्यक्ष साहेब गेले ना सकाळी. त्यांचं मडकं रिक्षातून उतरवताना फुटलं. गुरुजी घाई करत होते, तर त्यांच्या मुलाने तुमचं उचललं. बोलला, यांच्याकडे ढीगभर असतात."

मी जिन्यातच बसले. स्मशानात मडक्याचं काय करतात ते मला माहीत होतं. खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं घेऊन मुलगा फेऱ्या मारतो, मागून दगडाने त्याला भोकं पाडतात, शेवटी ते मागे टाकून फोडायचं. माझी दोन वर्षं कुणाच्या तरी खांद्यावरून मागे पडून फुटली, असं समजून मी रडले. अध्यक्षांसाठी नाही, हे कबूल करते.

पण ते फुटलं नव्हतं, हे रात्री वॉचमनकडूनच कळलं. कसं फुटेल? बाजारातलं मडकं कच्चंच असतं, बोटाच्या पेराने वाजवलं तरी कळतं. माझं साडेबाराशे अंशांत भाजलेलं, दगडाच्या तोडीचं. त्यांनी दगड मारले, भोक पडेना, पाणी नुसतं काठावरून हिंदकळून सांडत राहिलं. मुलाने खांद्यावरून टाकलं, ते धप्पकन पडलं आणि गडगडत गेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. शेवटी गुरुजींनी राहू द्या म्हटलं आणि सगळे निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्मशानात गेले. तिथल्या माणसाने ते नळाखाली ठेवलं होतं, काठोकाठ भरून. "फुटत नाय, गळत नाय. टाकवेना," तो म्हणाला. माझ्या मडक्याचं सोसायटीत कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. काठाचा एक टवका उडाला होता, बाकी धड. मी ते रिक्षात मांडीवर घेऊन आले.

दहाव्या दिवशी मुलगा दारात. मला वाटलं, माफी मागायला आलाय.

"ताई, काय मडकं बनवलंय तुम्ही? आज कावळा शिवत नव्हता. दोन तास उभे होतो आम्ही. बाबा अडकलेत. तेराव्याच्या आत ते फोडायला पाहिजे. हातोडी आणलीय मी."

खरोखरच आणली होती, पिशवीत.

"न विचारता नेलंत तुम्ही ते," मी म्हटलं.

"मडकंच तर होतं. आणि तुमच्यात हे मानत नसतील, पण आमच्यात मानतात."

माझा आवाज चढला. तो किती चढला ते चौथ्या मजल्यापर्यंत कळलं. चोरी तुमची, घाई तुमची, कावळा तुमचा, आणि दोष माझ्या मडक्याचा? हातोडीला हात लावलास तर पोलीस बोलावीन, म्हटलं. तो गेला. त्यानंतर लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलेना.

तेराव्यानंतर त्याची आई आली, अध्यक्षांची बायको. एकटीच. मला वाटलं, आता रडून फोडायला लावणार, आणि मनातल्या मनात मी 'नाही' घोकून ठेवलं. त्या मडक्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. टवक्यावरून बोट फिरवलं.

"फोडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुमच्याकडे कधी पाणी घेतलं नाही, मला माहितीये. मीही घेतलं नाही. शेवटचं पाणी मात्र तुझ्याच मडक्यातून सांडलं त्यांच्याभोवती."

मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "पाणी दे मला."

आईने आणलं. तबकात, रुमालाने पुसून. त्या सगळं प्यायल्या, थेंब ठेवला नाही. माझा राग तेव्हा विरघळायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. मडकं पुढच्या आठवड्यात खोक्यात भरलं, टवका तसाच ठेवून.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "बिचारी."

"बारा वर्षं तू भरलेला ग्लास परत ओतत होतीस," मी म्हटलं. "तुला कुणी म्हटलं का बिचारी?"

आईने तो ग्लास विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.