आडेसर आडवे आले

आडेसरांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘नाही’. चहा घेता का? ‘नाही.’ मग जरा थांबून, ‘कायले नाही म्हनू? द्या.’ पाऊस येईलसं वाटतं, सर. ‘नाही.’ मग मान वर करून, ‘येते वाटते बा.’ एकदा मी वैतागून विचारलं, हे काय खूळ लावून घेतलंय? माणसाला सरळ हो म्हणायला काय होतं? तर म्हणाले, ‘बाई, पहिले नाही म्हनून पाहा लागते. त्याच्यावर बी समोरची गोष्ट टिकली, तं मंग हो. हो तं कोनीबी म्हनते.’ आणि माझ्या डब्यातली भाकर उचलून खाऊ लागले.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. तिथली मंडळी अजून भांडायला येतील, आणि भांडायला मलाही आवडतं, म्हणजे उगाच दोघांचा दिवस जायचा. महाराष्ट्र नवा होता आणि आमचं कॉलेज त्याहून फार जुनं नव्हतं. मी मराठी शिकवायचे, आडेसर फिजिक्स. विज्ञान शाखा म्हणजे दोन खोल्या आणि काचेची कपाटं. कपाटांत यंत्रं, कपाटांना कुलपं आणि किल्ल्या प्रिन्सिपॉलांच्या खिशात. पाहुणे आले की त्यांना ती कपाटं दाखवायची, देवळात मूर्ती दाखवतात तशी.

आडेसरांचा तांडा नेरच्या बाजूचा. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, वर्गात वऱ्हाडी, आणि इंग्रजी विद्यापीठाच्या पेपरापुरती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य मुलखोमुलखी न्यायचे. त्या धंद्याला ते लोक लदेणी म्हणतात. हा शब्द मला सरांनीच शिकवला, आणि तोही कसा? आमच्या कॉलेजला शिव्या देताना. स्टाफरूमच्या दाराशी तोंडाने व्याख्या घोकत बसलेल्या एका पोराकडे बोट दाखवून म्हणाले, ‘बाई, हे शिक्षन आहे का? हे तं लदेनी झाली. बैलाच्या पाठीवर गोनी टाकली. आत मीठ आहे का गहू, बैलाले काय मालूम? परीक्षेच्या गावाले नेली, खाली टाकली, बैल मोकळा.’ तो पोरगा बिचारा व्याख्या विसरला.

तसं पाहिलं तर त्यांचं म्हणणं साधं होतं. पुस्तकात वाफेचं इंजिन इतकं सविस्तर, की मुलांना त्याची शिट्टी तेवढी ऐकू यायची बाकी. बाहेर मात्र शिवारात डिझेलचे पंप धडधडायला लागले होते, विजेचे खांब गावात येऊन ठेपले होते. पुस्तकातली विजेची मोटार अर्ध्या पानाची, आणि तीही ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून मुलं ओलांडून जायची. सर प्रिन्सिपॉलांच्या मागे लागले, आठवड्यातले दोन तास द्या, कपाटाच्या किल्ल्या द्या, पोरांना यंत्रं उघडून दाखवतो.

प्रिन्सिपॉल वाईट गृहस्थ नव्हते. विद्यापीठाला भिणारे होते, एवढंच. ते म्हणाले, ‘अहो आडे, आज मोटार शिकवाल, उद्या आणखी कुठलं यंत्र येईल, परवा तिसरंच. कॉलेजनं किती यंत्रांच्या मागं धावायचं?’

‘मंग थेही उघडू,’ सर म्हणाले. ‘मी मोटार शिकवू का म्हनून नाही विचारून राह्यलो, साहेब. मी उघडाले शिकवू का म्हनून विचारून राह्यलो. येकडाव पोट्ट्याची भीती गेली, का कोनतंबी यंत्र येऊ द्या.’

शेवटी प्रिन्सिपॉलांनी तास दिले, किल्ल्या दिल्या आणि वरून ताकीद दिली: काही मोडलं तर जबाबदारी तुमची. सरांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरी बायको, दोन लहान लेकरं आणि म्हातारी आई, जिला ते याडी म्हणायचे. साऱ्या घराची चूल त्या एका नोकरीवर. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी म्हटलं, ‘सर, आधी कायम व्हा, मग क्रांती करा.’ तर उत्तर तयारच: ‘नाही.’ मी वाट पाहिली, पण या वेळी त्यापुढे काही आलं नाही.

त्या वर्षी कॉलेजला वीज आली आणि आमच्या संस्थेचे सेक्रेटरी भाऊसाहेब यांनी कॉलेजच्या विहिरीसाठी विजेची मोटार दान दिली. भाऊसाहेब कापसाचे जिनिंगवाले, मोठे माणूस, मनानं दिलदार. पण दिलेलं दान लोकांना दिसलंच पाहिजे, अशी त्यांची तऱ्हा. मोटारीआधी त्यांच्या वडिलांच्या नावाची फरशी येऊन पोचली. मोटार विहिरीवर बसवण्याआधी सरांनी ती प्रयोगशाळेत नेली, दोन्ही झाकणं काढली, मुलांना आतली तार आणि फिरता भाग दाखवला, पुन्हा बंद केली. मुलं वेडी झाली होती. बाभुळगावकडचा एक कुणब्याचा पोरगा माझ्या तासाला हातभर काळं ग्रीस तसंच घेऊन आला. मी धुऊन ये म्हटलं, तर म्हणतो, ‘राहू द्या ना बाई, घरी दाखवाचं आहे!’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, विहिरीवर यंत्रपूजेचा थाट मांडला. यात चूक काही नाही. आमच्याकडे त्या दिवशी शेतकरी विळा पुजतो, शिंपी कात्री पुजतो. मोटारीला हळद लागली, कुंकू लागलं, तेही पाण्यात कालवून, भरपूर. हार पडला. आणि भाऊसाहेबांनी नारळ हातात घेतला. मोटारीच्या पाठीवर हवेसाठी ठेवलेली भोकं होती. सर पुढे झाले. ‘भाऊसाहेब, नारळ दगडावर फोडा. मोटारीवर नका फोडू.’

‘आडे आले आडवे!’ भाऊसाहेब हसले, सगळे हसले. ‘अहो मास्तर, पूजा कोणाची, दगडाची का मोटारीची?’ आणि नारळ मोटारीच्या पाठीवर हाणला. एका फटक्यात फुटला. टाळ्या झाल्या. ते पाणी कुठे गेलं, याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्यांनी कशाला करावा? लगेच भाऊसाहेबांनी बटण दाबलं. मोटार एकदा गुरगुरली, धप्प आवाज झाला, जळकट वास सुटला, आणि कॉलेजची सगळी वीज गेली.

पेढे तसेच राहिले. पहिल्यांदा कोण बोललं आठवत नाही, पण बोललं खरं: ‘आडेसरांनी ती उघडली होती ना?’ झालं! बुडत्याला काडी मिळाली. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं हो, वडिलांच्या नावाची मोटार सणासुदीला सगळ्या गावासमोर जळाली. त्या भरात त्यांना कोणीतरी हवंच होतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचं एकमत झालं, की मास्तरानं उघडली म्हणून बिघडली.

दसरा झाला तसं सरांना संस्थेच्या बैठकीला बोलावलं. स्टाफच्या वतीनं मी हजर होते. प्रिन्सिपॉलांनी हळू आवाजात सांगितलं, माफी लिहून द्या, ‘माझ्या उघडण्यामुळे मोटार निकामी झाली’ एवढं एक वाक्य. विषय संपेल, मार्चमध्ये कायम करू. खरं सांगते, मनातून मी म्हणत होते, लिहा हो सर, लिहून टाका, लेकरांकडे पाहा. सर उभे राहिले.

‘लिहून देतो,’ म्हणाले. ‘पन पहिले मोटार पोट्ट्याईसमोर उघडा. आत माही चूक निघाली, तं माफी देतो अन् राजीनामाबी देतो.’

‘पुन्हा उघडायची?’ भाऊसाहेब ओरडले. ‘हे कॉलेज आहे का गॅरेज?’

‘भाऊसाहेब, येक सांगतो. रेल्वे आली, तवा आमच्या तांड्याचा नाईक म्हने, बैल डोंगर चढते, गाडी थोडीच चढते? आपली लदेनी राहतेच. लोकाईनं मान डोलवली. गाडी पाहाले बी कोनी गेलं नाही. आमच्या दोन पिढ्या मंग जंगलातली लाकडं इकून जगल्या. त्या दिवशी नाईकाले नाही म्हननारा येक मानूस तांड्यात असता ना, तं माह्या याडीनं लहानपनी उपास काढले नसते. मी आज नाही म्हनून राह्यलो. तुमाले राग येते, येऊ द्या.’

बैठक उठली. उघडायची परवानगी मिळाली नाही ती नाहीच. आणि दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या तासाला आडेसर वर्ग घेऊन सरळ विहिरीवर गेले. पोरांनी मोटार उचलून अंगणात कडुनिंबाखाली आणली. दुपारचं ऊन, सगळं कॉलेज व्हरांड्यात. प्रिन्सिपॉल ‘आडे, आडे’ म्हणत खाली आले आणि पायरीवरच थांबले. कोणीतरी भाऊसाहेबांना बोलावून आणलं. सरांनी मोटारीला हात लावला नाही. पाने मुलांच्या हातात दिले आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले.

झाकण निघालं. आतली तार काळी पडलेली आणि तिच्यावर लालभडक कुंकवाचा चिखल. वर्गात दोनच मुली होत्या. त्यांतली नर्मदा नावाची पुढे झाली, केसातली पिन काढली आणि तारेच्या वेटोळ्यातून नारळाच्या शेंडीचा एक ओला पुंजका ओढून बाहेर काढला. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

‘आता देवाच्या नारळाला दोष देता काय?’ भाऊसाहेबांचा आवाज चिरकला.

‘देवाले कायले दोष देऊ?’ सर म्हणाले. ‘नारळ देवानं नाही फोडला.’

हे वाक्य त्यांना महागात पडलं. चूक दाखवली ती एक वेळ खपली असती. पण त्यावर पोरं हसली, आणि त्या हसण्याची क्षमा नव्हती. अरे, काय बिघडलं होतं? ‘चुकलं बुवा, पुढच्या वेळी दगडावर फोडू’ म्हटलं असतं तर गावानं भाऊसाहेबांना खांद्यावर घेतलं असतं! पण मोठ्या माणसांना लहान होणं जड जातं. सरांना कायम न करण्याचं त्याच आठवड्यात ठरलं. टर्म संपेपर्यंत राहा, मग जा.

जाईपर्यंतचे दिवस सर जणू काही झालंच नाही असे वागले. यवतमाळहून तांब्याची तार आणवली, मुलांकडून जुनी सोलून काढून नवी गुंडाळून घेतली. चुकली की पुन्हा सोडवायची. सरांनी स्वतः एक वेढाही दिला नाही. शेवटी मोटार जोडली, बटण दाबलं, आणि ती उलटी फिरली! पोरांनी तरी नाचून गोंधळ घातला. ‘उलटी का होईना, फिरली!’ सर मात्र शांत. ‘फिरली तं फिरली. उलटी काहून फिरली, थे सांगा.’ आणि पायरीवर बिडी पेटवून बसले. मुलांनी तासभर डोकं खाजवलं, एकमेकांशी भांडली, आणि मग बाभुळगावच्या त्या पोरानं दोन तारा आपसात बदलून पाहिल्या. विहिरीचं पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला तेव्हा प्रिन्सिपॉलसुद्धा केबिनमधून बाहेर आले होते. पण निर्णय बदलण्याचं कोणी बोललं नाही.

सर गेले त्या दिवशी एस.टी. स्टँडवर मी गेले होते. उमरखेडकडे एका तांत्रिक शाळेत त्यांना काम मिळालं होतं. याडी, बायको, लेकरं, ट्रंका. मला रडू आलं, लपवलं नाही. म्हटलं, ‘सर, हरलो हो आपण.’ ते म्हणाले, ‘कोन हरलं? पोट्टे मोटार उघडते ना आता? झालं मंग.’ पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते तापानं गेल्याचं कळलं, तेही दुसऱ्याच कोणाच्या बोलण्यातून.

सरांनी कॉलेज सोडलं तशी कपाटांना पुन्हा कुलपं लागली, आणि फळ्यावर सूचना आली: यापुढे महाविद्यालयातील कोणतेही यंत्र कोणीही उघडू नये. नवे फिजिक्सचे मास्तर वाफेच्या इंजिनावर परतले. मुलं माझ्या तासाला तोंडं पाडून बसू लागली. एक महिना मी हे पाहिलं. मग माझं डोकं फिरलं.

त्या दिवाळीला मी ट्रान्झिस्टर घेतला होता, नवा कोरा. गावात असे दोन-तीनच असतील. आडेसरांनी तो कधी शिकवला नव्हता. त्यांनी तरी आतून पाहिला होता की नाही कोण जाणे. मी तो टेबलावर ठेवला, घरातला स्क्रू काढायचा पाना बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘नर्मदे, ये पुढं.’ ती म्हणाली, ‘बाई, हे तं आमाले येत नाही.’ मी म्हटलं, ‘मलाही येत नाही. म्हणून तर उघडायचा.’ बाकं सरकली. वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, आणि मागचं झाकण हातात आलं तेवढ्यात दारात प्रिन्सिपॉल उभे.

‘बाई! सूचना वाचली नाही का? आणि हा मराठीचा तास आहे ना?’

‘मराठीचाच आहे, सर,’ मी म्हटलं. ‘आम्ही उघडणे हे क्रियापद चालवतोय. भूतकाळ आडेसरांनी घेतला, वर्तमानकाळ चालू आहे. भविष्यकाळ ही मुलं घेतील, तो तुमच्यानं आणि माझ्यानं थांबायचा नाही. नर्मदे, हात का थांबला? चालू दे.’