फाटलं पान
आमच्या शाळेची पुस्तकं बांधणारे बाइंडर एकाच रॉक बँडची झिजलेली कॅसेट लावून काम करत आणि लेकीसोबत गात, "फाटलं पान!" तो बँड गावात आला, तेव्हा नववीतल्या लेकीला ते हौसेनं घेऊन गेले.

गाणं सुरू होताच लेक जीव तोडून ओरडली, "फाटलं पान!" बाकी गर्दी गात होती, "पेटलं रान!"

पुढची पोरं वळली. "डिंक आणू का गं? कोणी शिकवलं हे?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते पोरांबरोबर हसत होते.

घराच्या दाराशी ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी तुमचं नाव नाही सांगितलं."

मला हे सांगताना त्यांची मान काही वर आली नाही.