तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

पुण्याच्या प्रशिक्षणातून मी ‘अजाईल’ शिकून आले, तेव्हा पाथर्डीच्या आमच्या कॉलेजात सगळे गालातल्या गालात हसले. सॉफ्टवेअर कंपन्यांची ही पद्धत मी वर्गात आणली. सत्राचा अभ्यास पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत वाटायचा, प्रत्येक तुकडा पुरा करून दाखवायचा, आणि रोज सकाळी उभ्या-उभ्या तीन प्रश्न: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं? तिसऱ्याला शेवटच्या वर्षाची पोरं एका सुरात म्हणायची, “काही नाही, मॅडम.” माझं डोकंच फिरायचं. चारचौघांत अडचण सांगणं म्हणजे घरची लक्तरं वेशीवर टांगणं, हे कळत असूनही फिरायचं.

दसऱ्यानंतर एका सकाळी एक मुलगी म्हणाली, “सोमवारी आमचा ट्रक निघतोय, मॅडम. आईची कंबर गेलीय. यंदा तिच्या जागी मी ऊसतोडीला.” बोलताना ती फरशीकडे बघत होती.

मग वर्गच बोलायला लागला. तिच्या प्रकल्पाचा उरलेला तुकडा आधी घेऊ, संध्याकाळीही बसू. विभागप्रमुख कुरकुरले, वेळापत्रक विद्यापीठाचं आहे म्हणाले. मी चांगली कडाकडा भांडले. शनिवारी तिनं प्रकल्प पुरा करून दाखवला. पण लेखी परीक्षा कोण अलीकडे आणणार? ती ऐन हंगामातच येणार होती. पेपर बुडाले की वर्ष गेलं, आणि आमच्याकडे मुलीचं वर्ष गेलं की पाठोपाठ लग्न ठरतं.

सोमवारी तिच्या वडिलांना ट्रकपाशी गाठलं. “पैल्या पेपरला आनतो, मॅडम. फुडचं टोळीच्या मुकादमाच्या हातात हाय.” मला रागानं रडू आलं.

पहिल्या पेपरला बापलेक दोघं सांगलीकडच्या फडावरून एसटीनं आले. तिच्या बोटांवर उसाच्या पाचटाचे चरे होते, तळहाताला फडकं बांधलेलं. ती आत गेली, वडील गेटाबाहेर लिंबाखाली बसले.

मी म्हटलं, “तिला एकटीला गाडीत बसवून द्यायचं होतं. तुमचं काम तरी चालू राहिलं असतं.”

“एकट्याला तोडीला घेत न्हाईत, मॅडम. एक जन तोडतो, एक जन मोळ्या बांधतो. ती हितं, म्हंजी माजंबी बंद.”

“मुकादम काय म्हणाला?”

“लई बोलला.”

पेपर सुटला. ती फडकं सोडत, बोटं मिटत-उघडत बाहेर आली. वडील उठले, पायजमा झटकला आणि मला विचारलं, “उद्याचा कितीला हाय?”