बुद्धी मोजणाऱ्या सीमंतिनीताई

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, इंदरगंजच्या चौकात, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर सीमंतिनी पागनीस यांचं क्लिनिक आहे. त्या मानसशास्त्रज्ञ. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायची, मूल नेमकं कुठे अडतंय ते आईबापांना समजावून सांगायचं, यात त्यांची उमर गेली. मठ्ठ म्हणून मार खाणारी कितीतरी मुलं या चाचणीमुळे वाचली होती. ताईंचा या चाचणीवर विश्वास होता.

म्हणून हेमेंद्र आले तेव्हा त्यांनी हो म्हटलं. हेमेंद्र एका खासगी शाळेचे संचालक. किला गेटजवळच्या त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मुलांची चाचणी घ्यायची होती. नावापुढे जातही लिहायची, एवढं मात्र ताईंना खटकलं.

"सिर्फ रिसर्च के लिए, मॅडम," हेमेंद्र हसले.

दगडखाणीत राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची सरासरी बरीच खाली आली. आकडे खोटे नव्हते, ताईंनीच काढले होते. पण ही मुलं घरी बुंदेली बोलतात, असली कोडी त्यांनी कधी पाहिलेली नाहीत, कितीतरी जण उपाशी येतात, हेही त्यांनी अहवालात लिहिलं. हेमेंद्रनी तेवढंच गाळलं आणि पालकसभेत जाहीर केलं, की बुद्धी जन्मजात असते आणि ती जातीगणिक बदलते.

ताई तडक त्यांच्या ऑफिसात गेल्या. "एका घरातली दोन भावंडं जन्मतःच वेगळी निघतील, ते मी मानते. पर दो बस्तियों का फर्क भी जन्म से है, यह इन आंकड़ों से नहीं निकलता!"

"आप भावुक हो रही हैं," हेमेंद्र शांतपणे म्हणाले. "आपके मराठी बच्चे तो सबसे ऊपर हैं. फिर आपको क्या दिक्कत?"

त्या माणसाला खरंच वाटत होतं, की आपण ताईंना खूश करतोय.

जूनमध्ये खाणवाल्यांच्या मुलांचा वेगळा वर्ग झाला, शाळेच्या मागच्या बाजूला. थंडीत चाचणीच्या दुसऱ्या फेरीसाठी ताई तिथे गेल्या. वर्गात मास्तर नव्हते, तरी आवाज नव्हता. त्याचीच त्यांना भीती वाटली.

हर्षिता त्यांना आठवत होती. आधीच्या चाचणीत एक कोडं सुटलं की "और दो न" म्हणून हात पुढे करणारी नऊ वर्षांची मुलगी. ताईंनी तिला पुन्हा तपासायला घेतलं. आता ती चित्राकडे पाहायच्या आधीच मान हलवत होती.

"करून तर बघ बेटा."

"हमसे नहीं होगा, मॅडम. हमारे खून में नहीं है. सर ने बताया."

तिचे गुण पहिल्यापेक्षा खाली आले.

ताई त्या दिवशी क्लिनिकमध्ये परतल्याच नाहीत. हा आकडा हेमेंद्रच्या हाती पडला, तर ते म्हणतील, बघा, वयाबरोबर अंतर वाढतंय. त्यांनी तो दिला नाही आणि शाळेचं काम सोडलं. मग ताई खाणवाल्यांच्या वस्तीत गेल्या, घरोघर बसून बोलल्या. हर्षिताच्या आईने तिला काढून सरकारी शाळेत घातलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. एक बाप खाली मान घालून म्हणाला, "पढ़े-लिखे लोग नापकर बोले हैं. गलत थोड़े बोलेंगे."

नापणारं कोण होतं, हे त्याला ठाऊक होतं की नाही, ताईंना विचारवलं नाही.

हेमेंद्रना दुसरे मानसशास्त्रज्ञ लगेच मिळाले. सहा महिन्यांत आणखी तीन शाळांनी तसेच वर्ग पाडले.

यंदा हेमेंद्रची माणसं चाचणी घ्यायला ‘खासगी बाजार’ या जुन्या मराठी मोहल्ल्यात आली. मराठी घरांतून मुलांना नटवून आणलं गेलं. ताईंची भावजय अंतराही आपल्या मुलीला, यशश्रीला, घेऊन रांगेत उभी होती.

"अंतरा, नको नेऊस तिला," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, घाबरायचं काय त्यात? आपल्या लोकांचं चांगलंच येणार ना!"

यशश्री आईचा हात सोडून, आनंदाने पुढे पळाली.