ओव्हरकोटवाल्या नटाची पानं

आखातात, कतारमधल्या दुखानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात मी टायपिस्ट होतो. रत्नागिरीच्या टायपिंग क्लासात शिकलेलं इंग्रजी घेऊन बोटीनं आलो त्याला चार वर्षं झाली होती. पन्नासचं दशक संपत आलं होतं. एका जानेवारीत हेडक्लार्कनं मला बोलावून सांगितलं, "उद्यापासून दहा दिवस मशीन घेऊन रेस्ट हाउसवर जा. विलायतेहून एक नट आलाय. त्याला आत्मचरित्र लिहायचंय."

त्या नटाला मी आदल्या संध्याकाळीच पाहिलं होतं. साहेब लोकांच्या क्लबच्या अंगणात त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा आम्ही मागच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभे होतो. नोकरी मागायला आलेला एक अतिशय सभ्य माणूस आणि त्याच्या अंगातून निघता न निघणारा ओव्हरकोट, एवढाच खेळ. हात बाहीत अडकला की तो बाहीची माफी मागायचा. दुसरा हात सोडवायला जावं तर कोट डोक्यावर यायचा, तरी आतून त्याचं "सॉरी, सर" चालूच. ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता तेही पोट धरून हसले. मीही हसलो. घर सोडल्यापासून इतका हसलो नव्हतो.

रेस्ट हाउसवर भेटला तो साठी उलटलेला, किडकिडीत माणूस होता. मला बघून उठून उभा राहिला. साहेब माणूस माझ्यासाठी उठलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पहिले दोन दिवस त्यानं कामाचंच सांगितलं. बाप चपला शिवायचा. बारा वर्षांचा असताना समुद्रकाठच्या थिएटरात पडदे ओढायला लागला, एकदा मुख्य नट दारू पिऊन पडला म्हणून याला रंगमंचावर ढकललं. मग गावोगावचे दौरे, लढाईत सैनिकांसमोरचे प्रयोग, मग रेडिओ. बोलताना तो खिडकीतून बंगल्यांच्या रांगेकडे बघायचा.

तिसऱ्या दिवशी लग्नाची हकीकत आली. मुलगी झाली, तिला लहानपणीच बोर्डिंगात ठेवलं, कारण बायकोची प्रकृती बरी नसायची. पान संपलं तसा तो म्हणाला, "याची कार्बन कॉपी चौदा नंबरच्या बंगल्यात नेऊन द्याल का? तिथल्या मॅडम माझी मुलगी आहेत."

चौदा नंबरचे साहेब ड्रिलिंगचे इंजिनिअर होते. कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत एकटेच बसले होते.

"तिनं पत्रानं कळवलं होतं की येऊ नका," तो म्हणाला. "आलात तरी दारात येऊ नका. मी ते कबूल केलं. कागद पाठवणार नाही असं काही कबूल केलं नव्हतं."

मी गेलो. मॅडम पस्तिशीच्या असतील. नाक बापाचंच. त्यांनी पान दारात उभ्याउभ्या वाचलं, आतून पेन्सिल आणली, भिंतीला कागद टेकवून काहीतरी लिहिलं आणि मला परत दिलं. वाटेत मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. 'बायकोची प्रकृती बरी नसायची' यावर रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं: आई आजारी नव्हती. ती वाट बघत होती.

त्यानं ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तिचं. पान पुन्हा टाइप करा. तिनं लिहिलंय तसं."

मग रोज तेच. सकाळी तो सांगायचा, दुपारी मी पान घेऊन जायचो, मॅडम दुरुस्त करायच्या. तो म्हणे बोर्डिंगात गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, त्या लिहीत नऊ. तो म्हणे दर रविवारी फोन करायचो, त्या लिहीत दोनदा केला होता. रागाचा शब्द एकही नाही. शाळेत मास्तर गणित तपासतात तसं. आणि तो प्रत्येक दुरुस्ती मान्य करायचा. दुरुस्त झालेलं वाक्य मी मशीनवर मारायचो तेव्हा तो डोळे मिटून ऐकत बसायचा.

एकदा त्यानं विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी. साडेतीन वर्षांची."

"कशी आहे?"

"मी तिला अकरा दिवस पाहिलंय, सर. मागच्या सुट्टीत."

तो खिडकीकडे वळला. मी कागद सरळ करत राहिलो.

आठव्या दिवशी, सोमवारी, त्यानं काही सांगितलंच नाही. खुर्चीत बसून होता. मग म्हणाला, "आज पान नाही. आज तुम्ही तुमच्या मनानं तिला सांगा. म्हणावं, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही, डॉक्टरनं पुन्हा प्रवास करू नको म्हणून सांगितलंय. गुरुवारी सकाळी जातोय. पाच मिनिटं गाडीपाशी आली तर पुरे. मी पाठवलंय असं म्हणू नका."

"खरंच बरी नाही, सर?"

"खरंच," तो म्हणाला. "हे एक तिला दुरुस्त करावं लागणार नाही."

मी चौदा नंबरच्या फाटकापर्यंत गेलो. मॅडम मागच्या बाजूला दोरीवर चादरी घालत होत्या. मला त्यांचे हात दिसत होते. मी तिथं उभा राहिलो. मी कोण? एक टायपिस्ट. साहेबांच्या घरच्या भानगडीत तोंड घातलं असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात मला बोटीवर बसवलं असतं, आणि गावाकडची पाच माणसं माझ्या मनीऑर्डरवर जेवत होती. हे सगळं खरंच होतं. पण त्याहून खरं हे की तोंडच उघडेना. मी मागे फिरलो.

"सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"बरं, म्हणाल्या."

का म्हणालो असं, ते मला आजही सांगता येत नाही. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मग ते शब्द परत घेणं माझ्या हातात उरलं नाही. पुढचे दोन दिवस तो भराभर सांगत होता, मधेच नकला करून मला हसवत होता. मी हसत होतो.

गुरुवारी सकाळी गाडी आली. दोह्याहून बहारीनचं विमान पकडायचं होतं. तो इस्त्री केलेला शर्ट घालून गाडीशेजारी उभा राहिला. ड्रायव्हरनं दोनदा घड्याळ पाहिलं. "यल्ला, साहब, चला," तो हळूच म्हणाला. आणखी वीस मिनिटं गेली. शेवटी नटानं माझा हात हातात घेतला. "तिला काम निघालं असेल," म्हणाला, आणि गाडीत बसला.

मी तिथूनच चौदा नंबरला गेलो. मॅडमनी दार उघडलं आणि मी सगळं सांगून टाकलं: सोमवारचा निरोप, डॉक्टरचं म्हणणं, माझं खोटं. त्यांनी मधे अडवलं नाही.

"निघाले?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच. पाव तास झाला असेल."

त्या आत गेल्या. नवऱ्याच्या ऑफिसला फोन करून गाडी मागत होत्या, ते मला ऐकू येत होतं. गाडी मिळायला तास गेला. दुपारी त्या परत आल्या तेव्हा मी ऑफिसच्या पायरीवर होतो. गाडी थांबवून त्यांनी काच खाली केली. "धुळीनं रस्ता दिसत नव्हता. विमान गेलं होतं," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याजवळ माझी तक्रार त्यांनी कधी केली नाही. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्याआधी मी सुट्टीवर गेलो. परतलो तेव्हा चौदा नंबरमध्ये दुसरं कुटुंब होतं. मॅडमच्या नवऱ्याची बदली झाली होती. तो नट त्या वर्षी गेल्याचं मला क्लबच्या एका जुन्या वर्तमानपत्रावरून कळलं. बातमीत ओव्हरकोटच्या खेळाबद्दल पुष्कळ होतं.

साठच्या दशकात कधीतरी त्याचं पुस्तक क्लबच्या लायब्ररीत आलं. लायब्ररीतल्या गोव्याच्या माणसानं मला ते दोन दिवसांसाठी दिलं. पडदे, दौरे, लढाई, रेडिओ, सगळं मी टाइप केलं होतं तसंच. बायको आणि मुलीची पानं मात्र नव्हती. एकच ओळ होती: मला एक मुलगी आहे आणि तिच्याबद्दल मी सांगितलेलं बहुतेक चूक निघतं. ती ओळ मी टाइप केलेली नव्हती. मॅडमनी ती वाचली की नाही, मला माहीत नाही. विचारावं तर त्या कुठल्या देशात आहेत हेही कॅम्पात कुणाला सांगता आलं नाही.